सगळ्या टकरी साठवून का ठेवत नाहीत?

भाऊ, ‘सगळा डेटा साठवा, निवड मग करू’ हे तुमचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं. पण एलएचसीत (प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारं महायंत्र) दर 25 नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 4 कोटी वेळा, प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात. एवढं लिहून घ्यायला डिस्क कुठून आणणार? तिथल्या टकरी टिपणाऱ्या सीएमएस या उपकरणात पहिली चाळणी हार्डवेअरची; अशा चाळणीला ट्रिगर म्हणतात. सुमारे 4 मायक्रोसेकंदांत निकाल आणि सेकंदाला फार तर 1 लाख घटना (टिपलेल्या टकरी) पुढे. उरलेली छाननी संगणक करतात.

खरी गोम जेटमध्ये, म्हणजे टकरीतून एका दिशेनं उडणाऱ्या कणांच्या झोतांमध्ये आहे. कमी ऊर्जेचे जेट इतके ढिगानं निघतात, की त्यांचा ट्रिगर मुद्दाम प्रीस्केल करतात, म्हणजे ठरावीक घटनांमागे एकच ठेवतात. समजा हजारातली एकच घटना ठेवली, तर आलेख काढताना तिला हजारानं गुणायचं.

शिवाय 60 जीईव्हीचा (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) ट्रिगर म्हणून 60 पासूनच मोजायला बसू नका. घाईतलं मोजमाप ढोबळ असतं, उंबरठ्याजवळचे कितीतरी जेट निसटतात. ट्रिगरची कार्यक्षमता, म्हणजे शंभरातले किती जेट तो पकडतो ते प्रमाण, 99 टक्क्यांच्या वर स्थिरावली, की तिथून पुढचे जेट घ्यायचे. आमच्या नागपुरातली एमएस्सीची पोरं सीएमएसचा ओपन डेटा उघडतात, आलेखाच्या डाव्या टोकाला उतार दिसला की ‘सर, नवीन भौतिकी!’ म्हणून धावत येतात. बाप्पा, तो ट्रिगरचा उतार आहे.