किर्शनरचा तुटलेला हात: चित्र बघायचं की चरित्र वाचायचं?

गिरगावकर:
जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरचं १९१५ सालचं सैनिकाच्या वेषातलं आत्मचित्र. निळा गणवेश, खांद्यावर ७५ हा रेजिमेंटचा आकडा, ओठात सिगारेट, मागे नग्न मॉडेल आणि मनगटाशी तुटलेला, रक्ताळलेला उजवा हात. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात भरती झाला, मनाने कोलमडला आणि घरी पाठवला गेला. तरी सगळीकडे या चित्राचा अर्थ एका वाक्यात उरकतात: हात म्हणजे कला, युद्धाने ती हिरावली. मला हे अजिबात पटत नाही. हात झाकून बघा. पिवळट चेहरा, बसलेली गालफडं, डोळ्यांत बुबुळंच नाहीत, नुसता गणवेशाचा निळा उतरलेला. माणूस आतून रिकामा झालाय हे तिथेच कळतं.

परळचा_रंगारी:
झाकायचा कशाला? आत्मचित्रात काय दाखवायचं ते चित्रकारच ठरवतो. शाबूत हात त्याने मुद्दाम तोडून पुढे धरलाय. मागे मॉडेल उभी आहे, म्हणजे जागा स्टुडिओची. पण ज्या हाताने तिला रंगवायचं तोच नाही. भीती नेमकी कसली आहे हे हात सांगतो. नुसता 'रिकामा माणूस' म्हटलंत तर तो कुठल्याही उदास चित्राला चालेल.

आणि प्रतीक सोडून दिलं की काय होतं तेही बघा. १९३७ मध्ये नाझींनी आधुनिक कलेची हेटाळणी करायला भरवलेल्या 'अधःपतित कला' प्रदर्शनात हेच चित्र 'सैनिक आणि वेश्या' म्हणून टांगलं. हाताकडे बघायचंच नव्हतं त्यांना.

गिरगावकर:
नाझींनी चित्र वाचलं नाही, त्यावर पाटी ठोकली. माझा राग पाटीवरच आहे, मग ती द्वेषाने लावलेली असो वा सहानुभूतीने. जहांगीर आर्ट गॅलरीतही लोक आधी शेजारची चिठ्ठी वाचतात, मग क्षणभर चित्राकडे बघून पुढे सरकतात.

माटुंगा_पूर्व:
मुंबईतलंच उदाहरण घ्या ना. चित्रकार एफ. एन. सूझाने रंगवलेली डोकी: डोळे पार कपाळावर चढलेले, चेहऱ्यावर आडव्याउभ्या रेघांचे ओरखडे. लगेच कुणीतरी त्याला लहानपणी आलेल्या देवीचा रोग आणि गोव्याचं चर्च काढतं. दोन्ही खरं आहे. पण त्या रेघा इतक्या जोरात ओढल्यात की काहीही माहीत नसलेला माणूससुद्धा दचकतो. चरित्राने ते दचकणं वाढत नाही, उलट त्याची सोय लागते. मी गिरगावकरांच्या बाजूने.

परळचा_रंगारी:
दचकणं ही सुरुवात झाली हो. कशाने दचकलो हे विचारायला नको? किर्शनरच्या गणवेशावरचा लाल बघा आणि जखमेचा लाल बघा. एकाच चित्रात लाल या दोन जागी ठेवला, तो उगाच नाही. हात शत्रूने तोडलेला नाही, अंगावर चढवलेल्या कपड्याने तोडलाय. हे माझं प्रतीक.

गिरगावकर:
गणवेश आणि जखम जोडणारा लाल तुम्हाला चरित्रात सापडला नाही, कॅनव्हासवर सापडला. असं वाचणार असाल तर हात उघडा ठेवायला माझी हरकत नाही. 'हात म्हणजे कला' या वाक्याला मात्र शेवटपर्यंत आहे.