क्लबच्या तंबू-मुक्कामाला बायकापोरं आणावीत का?

स्वीपरायडर: आमचा ठाण्याचा बाइकवाल्यांचा ग्रुप. दर डिसेंबरात कसारा घाट चढायचा, घोटीला उजवीकडे वळायचं आणि भंडारदऱ्याला पाण्याकाठी दोन रात्री तंबू टाकायचे, हे आठ वर्षं चाललंय. सुरुवातीला सगळे सडेफटिंग होते. आता निम्म्यांच्या घरी पोरं आहेत. गेल्या वर्षी वीसपैकी नऊ जण आले. म्हणून यंदा सुचवलं की घरच्यांनाही आणू, तर ग्रुपवर रण माजलंय. असंच चाललं तर दोन वर्षांनी लीडला, म्हणजे सगळ्यांत पुढे मी, आणि स्वीपला, म्हणजे सगळ्यांत मागेही मीच. तुमचं काय म्हणणं?

थंडचेन: स्पष्ट विरोध. सहकुटुंब सहलीला महाबळेश्वर आहे की! आणि आणणार कसे? नवरा, बायको, पोर म्हणजे सरळ ट्रिपल सीट. चार वर्षांखालचं मूल असेल तर फेब्रुवारी 2023 पासून त्याला हेल्मेट, पट्ट्याचा हार्नेस आणि गाडीचा वेग 40 च्या आत. कसाऱ्यात मागे ट्रक असताना 40 ने चालवून दाखवा.

स्वीपरायडर: अरे, गाडीवर आणा असं कोण म्हणतंय? पोरं मागून कारमधून येतील.

थंडचेन: म्हणजे बायको दीडशे किलोमीटर कार चालवणार, मागे दोन पोरं उलट्या करणार आणि तू पुढे हवा खाणार. छान आहे.

मागचीसीट: हे दोघं बोलतायत ते नवऱ्याच्या क्लबच्या 'फॅमिली कॅम्प'मध्ये मी भोगलंय. पवना धरणाकाठी होता. पुरुषमंडळी शेकोटीभोवती एक्झॉस्टच्या गप्पा मारत बसली, आणि आम्ही बायका टॉर्च घेऊन एकेका पोराला शू करायला नेतोय, एक डोळा पाण्याकडे ठेवून. त्याआधी संध्याकाळी, गाड्या नुकत्या लागल्या होत्या, तेव्हा माझ्या मुलीची पोटरी तापलेल्या सायलेन्सरला टेकली. सगळ्यांच्या सॅडल बॅगा उपसल्या. चेन ल्यूबच्या चार बाटल्या निघाल्या, भाजल्यावर लावायचं मलम एकाकडेही नाही. डाग अजून आहे.

थंडचेन: ताई, मी हेच सांगतोय.

मागचीसीट: नाही, तुम्ही वेगळं सांगताय. तुम्हाला आम्ही नकोत, मला यायचंय. माझ्याकडे माझी स्वतःची बाइक आहे, हिमालयन. पण क्लबात मी 'फॅमिली', म्हणजे रायडरही नाही आणि धड पाहुणीही नाही. पोरं सांभाळायची पाळी लावा, पिठलं-भाकरी तिथल्या शेंडी गावात कुणाकडे तरी सांगून ठेवा, मग बघू.

घोटीनाका: आम्ही नाशिकवाले मधला मार्ग काढतो. शुक्रवारची रात्र फक्त रायडर. शनिवारी दुपारी घरचे येतात, आणि त्या रात्री बाटली उघडायची नाही. रविवारी मोठी पोरं कळसूबाईला. गेल्या खेपेला एका गाडीचं चाक बसलं, तर दहा वर्षांची पोर पंक्चर किट हातात घेऊन बापाला विचारत होती, खिळा तिरका का ओढायचा. तशी मजा मला वीस वर्षांच्या राइडिंगमध्ये फार कमी वेळा आलीय.

थंडचेन: दारूबंदी! म्हणजे यंदा खरंच नऊच येणार.

घोटीनाका: शुक्रवार तुमचाच आहे हो. शनिवारी दुपारपर्यंत उतरेल.

स्वीपरायडर: चालेल. गाड्या तंबूंपासून लांब, दोरी बांधून उभ्या करू. पोरांची पाळी दोन-दोन तासांची, पहिली माझी. शनिवारी कार कोण चालवणार?

मागचीसीट: माझा नवरा. मी लीडला.

थंडचेन: बरं. मलम मी आणतो.