रेंडर लावलं की दुपारी एमसीबी पडायलाय, ३२ चा टाकू का?

शूटिंगवाला_साखरपेठ
नमस्कार मंडळी. साखर पेठेत जुनं घर आहे आमचं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, आता लग्नसराईची कामं अंगावर आहेत आणि नेमकं रेंडर (एडिट केलेल्याचा पक्का व्हिडिओ पीसीवर तयार करणं) लावलं की अर्ध्या-पाऊण तासानं खोलीचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, चार तासांचं काम पाण्यात. पीसीत आय-७ प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय ७५० वॅटचा, दोन मॉनिटर. मागच्या वर्षी खोलीत दीड टनाचा एसी बसवला तो पण ह्याच लाइनवर, फ्रीजपण ह्याच लाइनवर हाय. एमसीबी १० अँपिअरचा. रात्री काहीच होत नाही, दुपारीच पडतो. शेजारी यंत्रमाग आहेत, ते चालू झाले की व्होल्टेज पण खाली येतं. वायरमन म्हणायलाय ३२ चा एमसीबी टाकू, विषय संपला. टाकू का? का पॉवर सप्लायच ५५० चा घेऊ?

जुळे_सोलापूरकर
पॉवर सप्लायला हात लावू नका दादा. ७५० ही त्याची ताकद झाली, तो तेवढे वॅट कायम ओढत नाही, पीसीला लागतं तेवढंच घेतो. ३०७० फुल लोडवर २२० वॅटच्या आसपास, त्यात प्रोसेसर, बाकीचं सगळं धरून भिंतीतून साडेचारशे घेत असेल. खरा लोड एसीचा आहे ओ. दुपारच्या उन्हात दीड टनाचा एसी १६००-१७०० वॅट धरा, पीसी ४५०, मॉनिटर पंखा ट्यूब मिळून २००, फ्रीज १५०. झाले २५०० च्या घरात, भागिले २३० म्हणजे पावणेअकरा अँपिअर.

आणि दुपारीच का पडतो ते पण सांगतो. एमसीबीच्या आत तापून वाकणारी पट्टी असते आणि घरच्या एमसीबीचं रेटिंग ३० डिग्रीला धरलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४३, पश्चिमेच्या भिंतीवरच्या डब्यात त्याहून जास्त, मग १० चा एमसीबी नऊ-सव्वानऊसारखाच वागतो. अर्ध्या तासानं पडतो म्हणजे हा ओव्हरलोडच आहे, शॉर्ट असता तर चालू केल्या केल्या पडला असता.

वायरमन_काका_अशोकचौक
३२ चा अजिबात टाकू नका. हात जोडून सांगतो. एमसीबी पीसीसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. जुन्या घरात खोलीच्या लाइनला १ नाहीतर दीड स्क्वेअर एमएम वायर असते, ती तापून इन्सुलेशन वितळेल तरी ३२ चा एमसीबी शांत बसलेला असेल. अशी जळालेली पाइपं मी स्वतः भिंत फोडून काढलीत.

एसीला मेन डब्यातून वेगळी लाइन ओढा, ४ स्क्वेअर एमएम कॉपर, २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (एसी चालू होतानाच्या झटक्याला न पडणारा), १६ अँपिअरचं सॉकेट आणि अर्थिंग खरोखर लावलेलं. मग जुन्या लाइनवर ८०० वॅटच उरतात. वायर ओढण्याआधी बिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिलाय ते बघा, कमी असेल तर महावितरणकडं वाढवून घ्या. आणि जुनी वायर ॲल्युमिनियमची आहे का ते मेन बंद करून बघून घ्या, तसली असली तर स्क्रू ढिले होऊन तापतात.

व्होल्टेजचं म्हणाल तर पीसीचा पॉवर सप्लाय वॅट तेवढेच घेतो, व्होल्टेज पडलं की करंट वाढवतो. २३० ला २ अँपिअर घेणारा १९० ला २.४ घेणार.

ताई_होटगीरोड
अंदाजावर राहू नका, मीटरवर मोजा. लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या शेजारी एका युनिटला किती ब्लिंक ते छापलेलं असतं, आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त पीसी रेंडरला लावा, एका मिनिटात किती ब्लिंक होतात मोजा, ३२०० चं मीटर असेल तर त्याला १८.७५ नं गुणा, वॅट येतात.

शूटिंगवाला_साखरपेठ
ताई, आमचं पण ३२०० चंच निघालं. सकाळी मोजलं, मिनिटाला २४ ब्लिंक, म्हणजे ४५० वॅट. जुळेवाल्या दादांचा आकडा अगदी बरोबर. काका, मेन बंद करून एसीचा प्लग काढला तर एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटचं प्लास्टिक मऊ झालेलं. माझी दोन लेकरं ह्याच खोलीत झोपतात ओ. ३२ चा विषय बंद. नवीन लाइन रविवारी ओढून घेतोय, तवर रेंडर रात्री लावतो.

वायरमन_काका_अशोकचौक
रात्री पण एसी त्या सॉकेटवर लावू नका, एक दिवस पण नाही. पिन काळी पडली म्हणजे तिथं पकड ढिली आहे, रात्री एमसीबी पडणार नाही पण सॉकेट तापतच राहणार. रविवारपर्यंत पंख्यावर काढा, आणि नवीन सॉकेटबरोबर एसीचा प्लगपण नवीन घ्या, जुनी पिन घासून वापरू नका.

शूटिंगवाला_साखरपेठ
होय काका. एसी बंदच ठेवलाय, लेकरांना गच्चीवर झोपवतो.