लेआउटमधली आपत्कालीन पथकं: खरंच कामाची, की नुसती जॅकेटं?

फुटाळा_काठ
२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतली माणसं झोपेतून उठली ती पाण्यातच. एनडीआरएफ, एसडीआरएफ ही केंद्राची आणि राज्याची आपत्ती दलं, लष्कर, सगळे आले. पण असं पाणी शिरतं तेव्हा पहिला तासभर हाताशी असतो तो शेजारीच. म्हणून माझं म्हणणं, दर लेआउटमागे, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीमागे, १५-२० प्रशिक्षित माणसं हवीत.

कल्पना नवी नाही. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने ती मांडली. त्याच वर्षी मेक्सिको सिटीच्या भूकंपात अप्रशिक्षित लोकांनी ढिगाऱ्यातून ८०० च्या आसपास जीव वाचवले, आणि त्या धडपडीत १०० हून जास्त मदत करणारेच गेले. तिकडचा अभ्यासक्रम साधारण २० तासांचा आहे. आपल्याकडे ‘आपदा मित्र’ या स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेचा १२ दिवसांचा. शिकवणारे तर गावातच आहेत: राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात, एनडीआरएफची अकादमीही नागपुरात.

इतवारी_बोळ
शिकवणारे आहेत हो, टिकवणारे कुठे आहेत? हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याचंच घ्या. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. आकडे पाठ राहतात, हात काही महिन्यांत विसरतो. सराव नसला की खोली कमी पडते आणि दोन मिनिटांत दाबणारा थकतो. माणूस बदलायचा असतो हे त्या गोंधळात कुणाच्या ध्यानात राहतं?

अग्निशामकाचंही तेच. सहा किलोचं पावडरचं नळकांडं पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं. नवखा माणूस लांबूनच धुरावर मारतो, बुडाशी जाळ तसाच. आणि नळकांड्यावरचा काटा हिरव्यात आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात. काटा फक्त दाब सांगतो, आत पावडर थिजून दगड झाली असेल तर ते सांगत नाही.

या खर्चात महाल-इतवारीच्या बोळांतले ओटे आणि उभ्या गाड्या हटवा, बंब तरी आत शिरेल. शिवाय जॅकेट अंगात आलं की माणसाला वाटतं, आता आपल्याला सगळं येतं. मेक्सिकोचा आकडा तुम्हीच दिलात.

मेडिकल_चौक
दोघेही पूर आणि आगीवरच अडलात. नागपुरात दरवर्षी नक्की येतो तो मे महिना. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे गेला की वस्तीतल्या माणसाचं खरं काम सुरू होतं. उष्माघात म्हणजे शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर आणि माणूस बरळायला लागलेला. घाम थांबलेलाच असेल असं नाही, इथेच लोक फसतात. १०८ ला फोन एकाने करायचा, बाकीच्यांनी त्याच मिनिटाला थंड करायला घ्यायचं. सावलीत आडवं करा, जाड कपडे काढा, दोन-तीन बादल्या पाणी अंगावर ओतत राहा आणि वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा, जांघा. नुसतं कपाळावर ओलं फडकं म्हणजे काहीच नाही.

होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. गुंगीत असलेल्याच्या तोंडात कांद्याचा रस, पन्हं ओततात, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देतात, तिचा इथे उपयोग नाही. आणि खास आपली नागपुरी चूक: ओल्या माणसाला लोखंडी कूलरला टेकवून झोपवतात. पंपाची वायर सोललेली, अर्थिंग नाही, म्हणजे कूलरच्या बॉडीत करंट. दोन हात लांब ठेवा, नाहीतर हातपंख्याने वारा घाला.

तारा_आणि_कळा
करंटचा विषय निघालाच आहे तर ऐका भाऊ. पुरात पथकातला सगळ्यात उत्साही गडी काय करतो? पार्किंगमधल्या मीटर बोर्डाकडे पाण्यातून चालत जातो, मेन स्विच पाडायला. पाय पाण्यात, हात बोर्डावर. जायचंच नाही! पाणी यायच्या आधी, कोरड्यात उभं राहून पाडता आली तर पाडा. पाणी चढलं असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बाहेरूनच तोडून घ्या, आणि तोवर कोणाला आत सोडू नका.

मेन पाडली तरी एक भूत उरतं, इन्व्हर्टर. तो तळमजल्यावर घरच्या वायरिंगला २३० व्होल्ट देत बसलेला असतो. कोणत्या घरात इन्व्हर्टर, कुठे जनरेटर, कुठे छतावर सोलर, ही यादी पथकाच्या हातात जूनच्या आधी हवी. ती नसेल तर पथक न केलेलंच बरं.

इतवारी_बोळ
म्हणजे तुमचं पथक ‘काय करायचं नाही’ याचीच यादी आहे. त्यासाठी १५ माणसं कशाला, एक फलक लावा.

फुटाळा_काठ
फलक अंधारात कोण वाचून राहिलं बाप्पा? वीतभर वाहतं पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलतं. हातभर पाण्यात छोटी कार तरंगायला लागते, दोन हातांत बहुतेक सगळ्याच गाड्या. म्हणून पथकाने पाण्यात उतरायचं नाही, काठावरून दोर फेकायचा. तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा, २०-२५ मीटर, पिशवीत सैल भरलेला. वेटोळं करून ठेवलं की फेकताना गाठ बसते. नायलॉनचा बुडतो. आपल्या कमरेला दोर बांधायचा नाही, पाणी दोघांनाही ओढतं. पाण्यातून चालणं अगदीच टळत नसेल तर पुढे बांबू टेकवत जा, झाकण उडालेलं गटार पाण्याखाली दिसत नाही.

आणि पुराच्या आधीचं काम त्याहून मोठं. कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाकडे ऑक्सिजनचं यंत्र चालतं, कोणाला वरच्या मजल्यावर आधी न्यायचं, हे बाहेरून आलेल्या जवानाला कुठून कळणार? चार माणसं मिळून खुर्चीवरून आजोबांना जिना चढवायला किती वेळ लागतो, ते एकदा मोजून बघा.

मेडिकल_चौक
हे पटलं. पण सराव वर्षातून दोनदा हवा, मार्चअखेर उन्हाचा आणि जूनच्या सुरुवातीला पाण्याचा. आणि ११२ ला फोन करणारा एकच ठरवा. पत्ता सांगताना प्लॉट नंबर पुरत नाही, आपल्याकडे एकाच नावाचे लेआउट दोन-दोन. चौक, मंदिर, टाकी असं काही सांगा आणि एक माणूस टॉर्च घेऊन कोपऱ्यावर उभा करा.

इतवारी_बोळ
विम्याचं काय? आपदा मित्राला योजनेतून विमा आहे, सोसायटीच्या पोरांना काय? अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जे संरक्षण मिळालं, ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. जिन्यात आजोबा खाली पडले तर?

फुटाळा_काठ
सोसायटीने गट अपघात विमा काढावा, तो काढल्याशिवाय सराव सुरू करू नये. हा मुद्दा तुमचा.

तारा_आणि_कळा
आणि सामानाची पेटी? ती नेहमी सचिवाच्या घरी कुलपात, आणि सचिव पुण्याला लेकीकडे.

फुटाळा_काठ
कुलूप लावूच नका. जिन्यात पहिल्या मजल्यावर ठेवा, तळमजल्यावर नाही. कडीला प्लास्टिकची सील-पट्टी लावा. तुटलेली दिसली की समजायचं कोणीतरी उघडली, लगेच सामान मोजायचं.

इतवारी_बोळ
आठ दिवसांत तो २५ मीटर दोर गच्चीवर कपडे वाळवताना दिसेल. पाहून घ्या.