'ओल्ड रेक्टरी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या व्हिक्टोरियन घरांवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. 'ओल्ड रेक्टरी', 'ओल्ड व्हिकरेज' ही नावं सारखी येतात. 'पाद्र्याचा जुना वाडा' चालेल का?

– 'रेक्टरी' तसंच ठेवू नका, एवढं आधी सांगते. आपल्याकडे रेक्टर म्हटलं की वसतिगृहाचे रेक्टर आठवतात. तिकडे रेक्टर आणि व्हिकर हे दोघेही गावच्या चर्चचे पाद्री; त्यांच्यातला फरक दशांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा होता. धान्य आणि गवताचा मोठा दशांश ज्याच्या हक्काचा, तो रेक्टर. व्हिकर म्हणजे मुळात त्याच्या जागी नेमलेला बदली माणूस; त्याला बहुधा किरकोळ दशांशच मिळे. 1836च्या कायद्याने दशांशाऐवजी रोख रक्कम ठरवली गेली, पण घरांची नावं तीच राहिली.

– 'पाद्री' हा शब्द बाहेरच्यांचा. आम्ही प्रोटेस्टंट मराठी ख्रिस्ती 'पाळक' म्हणतो, आणि इथे तोच बसतो. 'धर्मगुरुनिवास' म्हटलं की कॅथलिक फादर डोळ्यांपुढे येतात, एकटे राहणारे. इंग्लंडच्या पाळकाला बायकामुलं, नोकरचाकर असत. म्हणून ही घरं ऐसपैस. पाळकाची अभ्यासिका बहुधा पुढच्या दाराजवळ असे, म्हणजे कामासाठी आलेल्या गावकऱ्याला घरातून जावं लागत नसे.

– 'वाडा' मात्र नको, कृपा करून! वाडा आत चौकाकडे तोंड करून बसतो. ब्रिस्टलजवळच्या कोलपिट हीथचं व्हिकरेज पाहा, विल्यम बटरफिल्ड या वास्तुविशारदाने 1844-45 मध्ये बांधलेलं. दगडी भिंती, उतरती उंच छपरं, ठसठशीत धुराडं. दर्शनी बाजू दोन्हीकडे सारखी दिसावी असा अट्टहासच नाही. आतल्या खोलीला जिथे खिडकी हवी, तिथे ती बाहेर दिसते. मला हे घर फार आवडतं, कारण त्यात दिखाऊपणा नाही. वास्तुविशारद फिलिप वेबच्या 1859च्या 'रेड हाऊस' या घरावर बटरफिल्ड आणि जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदांनी बांधलेल्या अशाच पाळक-घरांचा ठसा मानतात. तेव्हा 'बंगला' म्हणा. इंग्रजीत बंगला बैठा असतो, मराठीत दुमजलीही चालतो. भोवती आवार असलं की झालं. मिशनचा बंगला आपल्याला ठाऊक आहेच.

– आणि 'ओल्ड'? तिथे पाळक आता राहत नाहीत, घर विकलं गेलंय, असा तो अर्थ आहे.

– मग 'जुना'च ठेवा. 'माजी' माणसाला लावतात. 'जुनी कचेरी' म्हटल्यावर कचेरी तिथून हलली, हे आपल्याला कळतंच ना?

– पटलं. 'पाळकांचा जुना बंगला' लिहिते. जिथे दशांशाचा विषय येईल, तिथे रेक्टर-व्हिकरचा फरक एका वाक्यात सांगेन.