शब्दचर्चा : ‘गाभारा’ म्हणावे की ‘परमपवित्रस्थान’?

प्रश्न : जेरुसलेममधील शलमोनाच्या मंदिराच्या रचनेवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. सर्वांत आतल्या दालनाला, म्हणजे हिब्रू ‘दवीर’ला, मी ‘गाभारा’ म्हटले. संपादकांनी ते खोडून ‘परमपवित्रस्थान’ असे केले. २० हात लांब, तितकेच रुंद आणि तितकेच उंच असे हे दालन, जिथे फक्त महायाजकाने आणि तेही वर्षातून एकाच दिवशी जायचे, त्याला आपण गाभारा का म्हणू नये?

प्रतिसाद १ : संपादकांचे बरोबर आहे. गाभारा म्हटला की मराठी वाचक मूर्ती शोधू लागतो, आणि या दालनाचा सारा अर्थ मूर्ती नसण्यात आहे. जैतुनाच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले दोन करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय रक्षक, तिथे उभे होते. प्रत्येकाची उंची १० हात आणि पंखांचा पसाराही १० हात, त्यामुळे पंख एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचत. त्या पंखांखाली कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, होती, पण देवाची आकृती कुठेही नव्हती. करूबांच्या पंखांचे सिंहासन आहे आणि त्यावर दिसेल असे कोणी नाही, हीच त्या कारागिरांची भाषा आहे. ती आपण एका शब्दाने पुसून टाकू नये.

प्रतिसाद २ : ‘गाभारा’ हा ‘गर्भागारा’पासून आला. त्यात आतली खोली एवढाच अर्थ आहे, मूर्ती आपण नंतर जोडली. ‘परमपवित्रस्थान’ हा शब्द मराठी बायबलबाहेर कोणी उच्चारत नाही. शिवाय अरादचे काय? इस्राएलच्या दक्षिणेकडील नेगेव वाळवंटातल्या अरादच्या किल्ल्यात प्राचीन यहूदा राज्याच्या काळातले मंदिर उत्खननात सापडले. त्याच्या आतल्या कोनाड्यात उभी शिळा होती आणि दाराशी चुनखडीच्या दोन वेद्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात एका वेदीवर उदाचे आणि दुसरीवर चक्क गांजाचे अवशेष आढळले. शिळा, धूप आणि अरुंद कोनाडा एवढे असताना ‘गाभारा’ शब्दाला नेमके काय कमी पडते?

प्रतिसाद १ : अराद म्हणजे जेरुसलेम नव्हे, आणि उभी शिळा म्हणजे घडवलेली मूर्तीही नव्हे. व्युत्पत्तीच बघायची तर ‘दवीर’ची बघावी. जुने भाषांतरकार तो ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूशी जोडून देववाणीचे स्थान असे समजत, आजचे बहुतेक अभ्यासक ‘मागचा भाग’ असा अर्थ लावतात.

प्रतिसाद ३ : ‘मागचा भाग’ असेल तर ‘मागले दालन’ लिहावे, वाद मिटेल! गंमत ‘हेखाल’ची आहे. हा शब्द सुमेरी ‘मोठे घर’ यातून अक्कादीमार्गे हिब्रूत आला आणि मंदिरात तो दवीरच्या बाहेरच्या ४० हात लांब दालनासाठी वापरला गेला. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत मात्र हेखाल म्हणजे सिनेगॉगमधले (ज्यू प्रार्थनास्थळातले) तोरा हा धर्मग्रंथ ठेवण्याचे कपाट. सिनेगॉगला जुनी माणसे ‘मशीद’ म्हणत. १७९६ मध्ये मुंबईत बांधलेल्या आमच्या पहिल्या सिनेगॉगवरूनच मशीद स्थानकाचे नाव पडले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. लोक शब्द असेच वापरतात, शुद्धतेचा दाखला मागत नाहीत.

प्रतिसाद ४ : दवीरच्या पडद्याला ‘अंतरपट’ म्हणणे मला अधिक खटकते. दवीरला बायबलमधल्या राजांच्या ग्रंथात जैतुनी लाकडाची दारे आहेत, तर त्यातल्याच ‘इतिहास’ नावाच्या ग्रंथात निळा, जांभळा आणि किरमिजी पडदा, ज्यावर करूब काढलेले आहेत. करूब हे आदाम-हव्वेच्या एदेन बागेच्या पूर्वेचे पहारेकरी. मंदिराआधीच्या तंबूवजा देवस्थानाचे, म्हणजे निवासमंडपाचे, दारही पूर्वेलाच होते. म्हणजे तो पडदा ‘इथून पुढे येऊ नका’ असे सांगतो. लग्नातला अंतरपट मात्र दूर सारण्यासाठीच धरलेला असतो.

प्रतिसाद २ : महायाजकासाठी तोही वर्षातून एकदा दूर होतच असे. मग अंतरपट का चुकला, ते कृपया सांगावे.