पेयाट आधी अर्जेंटिना, मग जर्मनी: हे नियमात कसं बसतं? आणि त्याच्या ड्रॅगफ्लिकबद्दल

प्रश्न (मधली_फळी): हॉकीपटू गोन्झालो पेयाटने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाकडून सुवर्ण जिंकलं आणि 2023 ला भुवनेश्वरमध्ये जर्मनीकडून विश्वचषक. देश बदलायची मुभा कशी मिळते? आणि बचावपटू असून एवढे गोल कसे? मुलांना ड्रॅगफ्लिक (चेंडू काठीने ओढत नेऊन गोलकडे फेकायचा फटका) शिकवताना त्याच्या खेळात नेमकं काय बघायला सांगावं?

गोलरेषा: एका देशाकडून शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं, शिवाय नव्या देशाचं नागरिकत्व हवं. अर्जेंटिनाकडून 2018 च्या विश्वचषकात, तोही भुवनेश्वरलाच, खेळला. जर्मनीच्या संघात 2022 मध्ये आला. क्लब मानहाइमचा होता, त्यामुळे जर्मन खेळाडू ओळखीचेच.

गोलांचं म्हणाल तर ते पेनल्टी कॉर्नरचे, म्हणजे टोकाच्या रेषेवरून साथीदाराने बाहेर ढकललेला चेंडू थांबवून मारलेल्या फटक्यांचे. 2014 च्या विश्वचषकात 10, रिओत 11, दोन्हीकडे सर्वाधिक. रिओच्या उपांत्य सामन्यात त्याने तीन गोल मारून ज्यांना 5-2 ने घरी पाठवलं, तो संघ जर्मनीच होता! 2023 च्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलिया 2-0 ने पुढे असताना 43, 52 आणि 59 व्या मिनिटाला पुन्हा तीन. मला तर रिओपेक्षा हेच तीन मोठे वाटतात.

डीच्या_बाहेर: मुलांना आधी पाय बघायला सांगा, काठी नंतर. डावा खांदा गोलकडे, उजवा पाय डाव्याच्या मागून ओलांडून टाकायचा आणि चेंडू उजव्या पायाच्या रेषेत उचलायचा. मग डाव्या पायाची लांब ढांग, गुडघा वाकलेला, चेंडू दांड्याला चिकटलेलाच. आधी कंबर वळते, मग खांदे, मनगट सगळ्यात शेवटी. मुलं चेंडू शरीराच्या पुढे उचलतात. ओढायला अंतर उरत नाही, वेग जातो आणि चेंडू उगाच वर उडतो.

स्टॉपरने, म्हणजे तो चेंडू थांबवणाऱ्याने, तो डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) बाहेर थांबवायला हवा. तो बाहेर गेलाच नाही तर गोल धरत नाहीत. आणि चेंडू 460 मिलिमीटरपेक्षा उंच न जाण्याची अट फक्त पहिल्या हिटला आहे, फ्लिकला नाही. म्हणून तर वरचा कोपरा साधता येतो.

पहिला_रशर: समोरची बाजूही दाखवा. पॅरिस 2024 ऑलिंपिकच्या भारत-जर्मनी उपांत्य सामन्यात अमित रोहिदास बंदीमुळे बाहेर होता, म्हणजे भारताचा मुख्य रशरच (फ्लिकरवर धावून जाणारा बचावपटू) नाही. 18 व्या मिनिटाला पेयाटने कॉर्नरवर 1-1 केलं, शेवटी 3-2 ने आपण हरलो. रशर सरळ फ्लिकरच्या काठीच्या रेषेत धावला तर एक कोपरा झाकला जातो आणि दुसरा गोलकीपरला मोकळेपणाने सांभाळता येतो. अर्धं पाऊल उशीर झाला की दोन्ही कोपरे उघडे.

मधली_फळी: चेंडू पुढे उचलण्याची चूक माझ्या सगळ्या मुलांत आहे. उद्यापासून जमिनीवर खडूने उजव्या पायाची खूण करून घेतो.